कुपनातलं तेल आणि धर्मीबाईची सीताफळं

आमच्या ढाणकीत चहाच्या टपरीवर सध्या एकच वाद चालतो. सरकार बायांच्या खात्यात थेट पैसे टाकतं ते बरं, की त्याऐवजी धान्य, तेल, साबण अशा वस्तू द्याव्यात ते बरं? वादाच्या दोन्ही बाजू पुरुषच लढवतात. एकजण म्हणतो, "पैसे देल्ले का उडवते बाप्पा." दुसरा म्हणतो, "अन् तू काय करतं, तिजोरीत ठेवतं?" हशा होतो. वाद मिटला नाही की कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवतो. "नानाभाऊले विचारा ना. वस्तू नोको, पैसे द्या, असं आपल्या भागात पयले म्हननारा मानूस हा बसला इथी."

मी उरलेला चहा घाईघाईनं पितो आणि उठतो. लोकांना वाटतं, म्हातारा विनयी आहे. म्हातारा विनयी नाही. ते वाक्य खोटं आहे आणि ते खोटं मीच रुजू दिलं. या अंकासाठी दुकानातल्या गमतीजमती लिहा असा निरोप आला, तेव्हा मनात म्हटलं, गमती लिहू, पण त्यांच्यासोबत हेही छापून येऊ दे.

आधी दुकानाविषयी. माझं किराण्याचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. आता मुलगा ते चालवतो आणि मी बाहेरच्या ओट्यावर बसून त्याच्या चुका काढतो. किराणा दुकान म्हणजे वस्तू विकणं, असं बाहेरच्यांना वाटतं. वस्तू तर कोणीही विकेल. खरं काम म्हणजे समोरच्या माणसाला आज किती परवडणार आहे, हे त्याच्या तोंडावरून ओळखणं आणि त्याला न विचारता तेवढीच पुडी बांधणं. हातात बाटली असेल तर तेल सढळ हातानं द्यायचं, वाटी असेल तर ओळखायचं की मजुरी अजून मिळालेली नाही. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची सून माहेरी गेली, कोणी बिडी सोडली आणि कोणी नुसतंच सोडली म्हणून सांगितलं, हे दुकानदाराला घरच्यांच्या आधी कळतं. या कामात मी पटाईत होतो. अजूनही मुलगा साखरेची पुडी बांधतो ती मला उशाला ठेवलेल्या गाठोड्यासारखी दिसते.

तर एका वर्षी पावसानं असं झोडपलं की शेतात पाय ठेवता येईना. निंदणाची मजुरी बुडाली. ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर, त्यांच्या घरी चुली थंडावल्या. तेव्हा शहरातल्या एका संस्थेनं मजूर कुटुंबांना मदत करायचं ठरवलं. पोळ्याच्या महिनाभर आधीपासून कापूस वेचणी लागेपर्यंत त्यांना कुपनं द्यायची. कुपन घेऊन ठरलेल्या दुकानात जायचं, छापलेल्या वस्तू घ्यायच्या. दुकानदारानं कुपनं जमा करून संस्थेला बिल द्यायचं आणि चेक घ्यायचा. कुपनावर रोख द्यायची नाही, यादीबाहेरची वस्तू द्यायची नाही. ठरलेलं दुकान म्हणजे माझं. त्या दिवशी मी गावात जरा सावकाश चाललो, सगळ्यांना दिसावं म्हणून.

यादी संस्थेच्या सरांनी केली होती. सर माणूस सोन्यासारखा. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत, मीही तेच म्हणतो. पण यादी केली होती शहरात बसून. गहू, तूरडाळ, तेल, साखर, साबण, टूथपेस्ट आणि लेकरांसाठी पौष्टिक पिठाचं पाकीट.

आता आमचा मुलूख तुरीचा. तुरीच्या सोंगणीला गेलेली बाई मजुरीत तूर घेऊनच घरी येते. तिच्या घरात दुसरं काही नसेल, पण गाडग्यात तूर असते. तिलाच आम्ही कुपनावर तूरडाळ देत होतो! गहू दिला, पण गहू दळायला गिरणीवाल्याला रोख लागते आणि दळण यादीत नव्हतं. चहापत्ती नव्हती, मिरची नव्हती. पौष्टिक पिठाला कसलासा गोड वास होता, लेकरं तोंडात घालून थुंकत. पुढच्या खेपेला सरांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "पिठानं काही फरक पडला का?" म्हातारा खुशीत म्हणाला, "लय फरक सर! दोन टाइमले दूध वाढलं." सरांनी हे लिहूनही घेतलं. त्यांना नंतर कळलं की ते पीठ शेजाऱ्याच्या म्हशीनं खाल्लं होतं आणि बदल्यात म्हाताऱ्याला चहापुरतं दूध मिळत होतं.

टूथपेस्टचं तर विचारूच नका. दात घासायला राखुंडी होतीच. पोळ्याच्या आदल्या दिवशी एका सालगड्यानं मालकाच्या बैलांच्या पितळी घंट्या टूथपेस्टनं घासल्या. त्या अशा लखलखल्या की संध्याकाळपर्यंत माझ्याकडची सगळी टूथपेस्ट संपली. त्या पोळ्याला आमच्या गावच्या बैलांना पुदिन्याचा वास येत होता.

इथवर गंमत. आता पुढचं.

गरज रोखीची आणि हातात कुपन, असं झालं की माणूस वाट काढतो. पहिली बाई दळणासाठी आली. "भाऊ, तेल नोको, पैसेच द्या. गिरनीवाला उधार देऊन नाही राह्यला." मी शंभराच्या कुपनाचे ऐंशी दिले. बिलात तेल लिहिलं, तेल दुकानातच राहिलं. वीस रुपये माझे. दुसरी आली, तिसरी आली. याला आम्ही कुपन मोडणं म्हणायचो, जणू सुट्टे पैसे करून देतोय. महिना संपेस्तोवर माझ्या दुकानातलं अर्धं तेल नुसतं कागदावर वाहत होतं. मी मनाची समजूत घालायचो की मी तर लोकांची सोय करतो. सोय खरीच होती. फक्त तिचं भाडं मी घेत होतो, आणि भाडं जास्त होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुपनच बरं म्हणणाऱ्या बायाही होत्या. एक म्हणाली, "पैसे असले का माहा नवरा खिशात घालते. कुपन कोन पेते?" तिचं खरं होतं. पण तिचा नवराच दुसऱ्या दिवशी तिचं कुपन घेऊन आला आणि मी त्याला ऐंशी रुपये दिले. म्हणजे कुपनाचं कुंपण तेवढंच मजबूत, जेवढा त्याच्या दारात बसलेला दुकानदार. आणि दारात मी होतो.

धर्मीबाई जवळच्या तांड्यावरची. चाळिशीतली, नवरा नाही, दोन पोरी. बोलायला तिखट. एकदा ती चार बायांना घेऊन दुकानात आली आणि पाच जणींची कुपनं एकदमच ओट्यावर ठेवली.

"मोडून दे भाऊ. साऱ्याईचे."

"एवढ्या पैशाचं काय करतं धर्मीबाई? लगन काढलं काय?"

"तुले काय कराचं? तू तं वीस घे अन् गप ऱ्हाय."

मागच्या चौघी हसल्या. मग तिनंच सांगितलं. टेकडीकडच्या एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सीताफळाची झाडं होती. तो त्यांचा हंगाम ठेक्यानं देत असे. आधी रोख द्यायची, मग फळं तोडा, विका, तुमची. दरवर्षी बाहेरचा व्यापारी तो ठेका घ्यायचा आणि याच बाया त्याच्याकडे मजुरीनं फळं तोडायच्या. या वर्षी त्यांना स्वतःच ठेका घ्यायचा होता.

"झाडं कोनती गोड हायेत ते त्याच्याहून आमाले माहीत," ती म्हणाली. "त्याले फक्त पैसे माहीत."

मी शंभराचे ऐंशी मोजले. पाच घरांचे. सगळ्या कुपनांचं तेल बिलात लिहिलं. धर्मीबाईनं नोटा घेतल्या आणि जाता जाता म्हणाली, "वीस कमी घेतले असते तं तुह्या दुकानाले आग नसती लागली."

पंधरवड्यानं सर बिलं घेऊन आले. धर्मीबाईच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "नानाभाऊ, तीन माणसांचं घर. ही बाई एवढं तेल पिते की काय?"

मी त्या क्षणी खरं सांगू शकलो असतो. पण योजना हातची जाईल, चेक बंद होतील, गावात नाव जाईल, हे सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. आणि तोंडातून निघालं ते असं: "तेल नाही सर. दारू पिते. तेल बाहेर विकते अन् दारू पिते. तिच्यासोबतच्या चौघीही तशाच."

विनोद म्हणूनच बोललो होतो. सर आधी हसले. मग त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पेन काढलं आणि पाचही नावांवर रेघ मारली. मी समोर उभा होतो. त्यांना चहा मागवला.

दुकानातलं हे बोलणं माझ्या बायकोच्या, कमलच्या, कानावर गेलं होतं. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "घरात तेलाचे पिपे लागून राह्यले, अन् दारू ते धर्मी पेते. काहून हो?" मी आणखी एक भाकरी मागितली. कमलनं पुढं काही विचारलं नाही. तिनं न विचारणं हेच तिचं उत्तर असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर ओट्याच्या पायरीशी धर्मीबाई बसलेली. समोर दोन टोपल्या सीताफळं, डोळे उघडलेली, पोपटी, ताजी. संस्थेच्या माणसानं तिला नाव का कापलं ते सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. गिऱ्हाईक दिसताच तिनं आरोळी दिली.

"घ्या बाप्पा घ्या! नानाभाऊची दारू घ्या! आजची ताजी!"

लोक थबकले. एकानं विचारलं, "ही कोनती दारू वं बाई?"

"हेच ते. मी पेतो ना, नानाभाऊनं सांगतलं. दोन खाल्ले का डोये उघडते. घे, लेकराले बी दे."

दुपारपर्यंत अख्ख्या बाजारात बातमी. लोक मुद्दाम लांबून यायचे, "दोन किलो दारू द्या वं" म्हणायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. माझ्या दुकानात एक शेंगदाणा विकला गेला नाही, तिच्या टोपल्या चारदा भरल्या. सगळ्यात वाईट म्हणजे कमलनंही घरून पिशवी पाठवली होती.

नेमकी त्याच वेळी सरांची जीप आली. धर्मीबाई उठली, एक सीताफळ फोडलं आणि सरांच्या हातावर ठेवलं.

"खा सर. तुमी माहं नाव काटलं ना, ते ज्याच्यापायी, ते हे होय."

सरांनी गोंधळून एक घास घेतला. बिया कुठं थुंकायच्या ते त्यांना कळेना, तसेच तोंडात धरून ऐकत राहिले. ती बोलली ते भांडणाच्या सुरात नव्हतं. शेजारणीला समजावून सांगावं तसं बोलली.

"तुमी आमाले कुपन देता. आमाले पैसे लागते. हा नानाभाऊ कुपनाचे पैसे करून देते अन् शंभरामागं वीस खाते. तं मंग तुमीच पैसे द्या ना आमाले. आमचं आमी पाहून घेऊ. मधात हा कायले पाह्यजे?"

सर माझ्याकडे वळले. बाजार माझ्याकडे वळला. गालात बिया धरलेल्या आवाजात सर म्हणाले, "नानाभाऊ, खरं आहे हे?"

आणि मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चपळ काम केलं. उडी मारून तिच्याच बाजूला जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "सर, मी तर तुम्हाला हेच सांगणार होतो. लोक माझ्याकडे येतात, अडचण सांगतात, मी भागवून देतो. पण माझं मत विचाराल तर कुपन बंद करा, पैसेच द्या. माझ्या दुकानाचं नुकसान झालं तरी चालेल."

शेवटचं वाक्य मलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

सर हेलावले. धंदेवाला माणूस धंद्याच्या विरुद्ध बोलतो, हे त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं. वीस रुपयांची गोष्ट त्यात वाहून गेली, कापलेली पाच नावंही. धर्मीबाई मात्र माझ्याकडे बघत होती, खोटं वजन लावणाऱ्याकडे गिऱ्हाईक बघतं तशी. मग ती म्हणाली, "वा रे वा," आणि पुन्हा टोपलीमागं जाऊन बसली.

पुढच्या वर्षी संस्थेनं बायांना हातात पैसे दिले. कोणी दळण केलं, कोणी मिरची घेतली, कोणी पोरीच्या एसटीच्या पासाला घातले, एकीनं बकरी घेतली. उडवलेही असतील कोणी. माझ्या दुकानाचं नुकसान वगैरे काही झालं नाही. उलट रोख घेऊन आलेली बाई भाव करते, चार दुकानं फिरते आणि शेवटी तुमच्याकडे आली तर हक्कानं येते. मला चांगला माल ठेवावा लागला, एवढंच. संस्थेच्या अहवालात छापून आलं की एका स्थानिक दुकानदारानं निःस्वार्थपणे हा मार्ग सुचवला.

पण त्या वर्षीच्या यादीत धर्मीबाई आणि त्या चौघी नव्हत्या. का नव्हत्या, हे कितीतरी वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. यादी करताना सरांनी आता माझा सल्ला घेतला. निःस्वार्थी माणसाचा सल्ला घेणारच. त्यांनी विचारलं, "त्या पाच जणींना घ्यायचं ना परत?" मला ती बैठकीत समोर नको होती. ती मधेच "वीस" म्हणेल याची भीती होती. मी म्हणालो, "सर, त्यांचं आता बरं चाललंय. सीताफळाचा धंदा करतात. खऱ्या गरजूंना द्या."

पहिल्यांदा त्या पिणाऱ्या म्हणून कापल्या गेल्या, दुसऱ्यांदा कमावणाऱ्या म्हणून. दोन्ही वेळा तोंड माझंच. त्या वर्षी सीताफळाला बहरही कमी होता, हे मला दुकानदार म्हणून पक्कं माहीत होतं. तिच्या हातात तेव्हा वाटी असायची.

मागे एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. सर आता थकलेत, तरी काठी टेकत आले होते. भाषणात त्यांनी तेच सांगितलं, माझ्या वाक्यासकट: माझ्या दुकानाचं नुकसान झालं तरी चालेल. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर कमल शालीची घडी करत म्हणाली, "छान हाय शाल. धर्मीच्या अंगावर बरी दिसली असती." एवढ्या वर्षांनी तिनं तोंड उघडलं, तेही घडी न मोडता.

मग मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना सांगितलं का?" त्यांना म्हणजे धर्मीबाईला. म्हणून हा लेख लिहून काढला आणि कागद घेऊन तांड्यावर गेलो.

धर्मीबाई अंगणात बाजेवर बसली होती. केस पांढरे, जीभ तीच. "ये भाऊ. काय आनलं, कुपन?" तिच्या नातीनं चहा दिला. मी म्हटलं, बाई, मी तुझ्याबद्दल खोटं बोललो, दोनदा. ते लिहिलंय, आता छापून येईल. ऐक.

मी वाचत गेलो. म्हशीच्या दुधाला ती हसली. दारूच्या जागी हसली नाही. यादीची गोष्ट आली, तेव्हा म्हणाली, "ते वरीस वाईट गेलं. धाकटीची शाळा सुटली त्या वरसाले." मी कागदाची घडी घालू लागलो. ती म्हणाली, "वाच ना, थांबला काहून?"

मी पुढं वाचलं. मी लिहिलं होतं: 'त्या पाचही बायांनी कुपनांचा पैसा न् पैसा सीताफळाच्या ठेक्यात घातला. एक रुपयाही वाया घालवला नाही.' हे वाक्य मी मोठ्या मनानं लिहिलं होतं. वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

"थांब," ती म्हणाली. "हे खोटं हाय."

"कसं?"

तिनं नातीला आत पाठवलं. नात भिंतीवरचा फोटो काढून घेऊन आली. स्टुडिओतला जुना फोटो, मागं रंगवलेलं विमान, पुढं पाच बाया ओळीनं उभ्या, हातभर बांगड्या, सगळ्यांची तोंडं हसू दाबून फुगलेली.

"तू पैसे देल्ले ना, त्याच दिवशी. पयले हाटेलात बसून जिलबी खाल्ली, पाची जनीनं. पोटभर. मंग बांगड्या भरल्या. मंग फोटो काढला. जे उरलं त्याचा ठेका घेतला. ठेक्याले कमी पडले तं शेतकऱ्याले म्हटलं, बाकीचे पैसे फळं इकून देतो." तिनं फोटो पदरानं पुसला. "या दोघी आता नाहीत. हे अन् हे."

मी म्हटलं, "बाई, हे लिहिलं तर टपरीवरचे लोक म्हणतील, पाहा, पैसे दिले की जिलबी खातात."

"म्हनू दे. तू चहाले पैसे कोनाले इचारून देतं?" ती म्हणाली. "मी दारू पेत नोती, हे लिव. अन् जिलबी खाल्ली, हेही लिव. तवाच खरं होईन."

मी तिथंच बसून ते वाक्य खोडलं. तिनं नातीला वाचायला लावून खात्री करून घेतली.